चित्राबाहेरचे गिऱ्हाईक

१८४५ च्या नोव्हेंबरात डॅनिश कथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन परदेशच्या प्रवासाला निघाला असताना वाटेत ग्रोस्टेनच्या वाड्यावर काही दिवस मुक्कामाला होता. तिथे त्याला आंद्रेआस फ्लिंच याचे पत्र आले. लाकडावर चित्रे कोरून छापण्याची कला डेन्मार्कमध्ये रुजवणाऱ्यांपैकी हा एक. तो सचित्र दिनदर्शिका काढत असे. पत्रासोबत तीन चित्रे होती आणि त्यांपैकी एकावर दिनदर्शिकेसाठी गोष्ट लिहून द्यावी, अशी विनंती होती. अँडरसनने जे चित्र उचलले ते योहान थॉमस लुंडब्यू या तरुण चित्रकाराचे होते आणि त्यात आगकाड्या विकणारी एक गरीब, लहान मुलगी होती. गोष्ट डिसेंबरात छापून आली, जगभर गेली, मराठीतही तिची कितीतरी भाषांतरे झाली. चित्र मात्र मागे पडले. हेच चित्र फ्लिंचने त्याआधी १८४३ च्या दिनदर्शिकेत वापरले होते आणि तेव्हा त्याखाली एक ओळ छापली होती : ‘द्याल तेव्हा भले करा.’

ही ओळ मुलीला उद्देशून नाही, तिच्या आईबापांना नाही, शहराच्या कारभाऱ्यांना तर नाहीच नाही. ती दिनदर्शिका विकत घेऊ शकणाऱ्या वाचकाला उद्देशून आहे. रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या मुलाचे चित्र काढताना चित्रकाराला एक जागा आपोआप ठरवावी लागते, ती म्हणजे पाहणाऱ्याची. मूल हात पुढे करून उभे असते आणि त्याच्या समोर, चौकटीच्या अलीकडे, जिथे गिऱ्हाईक उभे राहायचे तिथे आपण असतो. त्यामुळे चित्र आपल्याला विचारते ते एवढेच की, घेणार की नाही, देणार की नाही. मूल इथे का उभे आहे, त्याच्या हातातला माल कोणी बनवला, त्याची शाळा कुठे गेली, हे प्रश्न त्या चौकटीत मावत नाहीत. माझे म्हणणे असे की, एकोणिसाव्या शतकातल्या डेन्मार्कमध्ये या मुलांचे आयुष्य ज्या गोष्टींनी बदलले त्या सगळ्या चौकटीबाहेरच्या होत्या, आणि आज मोबाइलवर अशाच मुलांची छायाचित्रे काढून पसरवणारे आपण ‘द्याल तेव्हा भले करा’ या ओळीच्या फारसे पुढे आलेलो नाही.

आधी त्या मुलीच्या धंद्याविषयी. भीक मागण्याला डेन्मार्कमध्ये कायद्याने बंदी होती आणि गरिबांची व्यवस्था नगरपालिकांच्या व गावांच्या निधीतून लावण्याची पद्धत शतकाच्या सुरुवातीलाच घालून दिलेली होती. बंदी असली की भीक नाहीशी होत नाही. ती काहीतरी विकू लागते. काड्यांची जुडी हा त्यासाठी सोयीचा माल, कारण तो हलका, स्वस्त, लहान मुलाच्या हातात मावणारा आणि प्रत्येक घराला लागणारा. मूल काड्या पुढे करते तेव्हा पोलिसाच्या दृष्टीने ते विक्रेता असते आणि वाटसरूच्या दृष्टीने भिकारी. फ्लिंचची ओळ हे गुपित उघडे करते. चित्रात खरेदी-विक्री दाखवली आहे, पण खाली ‘विकत घ्या’ असे लिहिलेले नाही, ‘द्या’ असे लिहिलेले आहे. म्हणजे मुलीचे काम हे काम म्हणून कोणी मोजतच नव्हते. पुढे कायदे झाले तेव्हा याच नजरेची किंमत रस्त्यावरच्या मुलांनी मोजली. त्याकडे पुढे येतो.

लुंडब्यू हा मुळात निसर्गचित्रकार. झीलंड या डॅनिश बेटावरच्या टेकड्या, समुद्रकिनारा, चरणारी गुरे हे त्याचे विषय आणि त्यांत तो फार मोठा होता. १८४८ च्या युद्धात तो स्वेच्छेने सैन्यात गेला आणि लढाईला तोंड फुटण्याआधीच अपघाताने सुटलेल्या गोळीने, वयाच्या तिसाव्या वर्षात, मेला. त्याच्या कामात काडीवाली मुलगी हा एक किरकोळ कामगिरीचा भाग आहे, आणि मला ते किरकोळपणच महत्त्वाचे वाटते. त्याच सुमारास तो डॅनिश किनाऱ्याचे भव्य तैलचित्र रंगवत होता. किनाऱ्याला कॅनव्हास मिळाला, मुलीला स्वस्तातल्या दिनदर्शिकेचा कागद. एका चित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ती सगळ्या काळाचीच वाटणी होती. डेन्मार्कच्या चित्रकलेचे ‘सुवर्णयुग’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्या साधारण १८०० ते १८५० च्या काळात देशाने १८०७ ची इंग्रजांची तोफांची आग सोसली, १८१३ मध्ये सरकारी दिवाळे पाहिले आणि १८१४ मध्ये नॉर्वे गमावला. कोपनहेगन जुन्या तटबंदीच्या आत कोंबलेले होते. इतके कोंबलेले की १८५३ च्या पटकीत शहराच्या सुमारे एक लाख तीस हजार वस्तीतली साडेचार हजारांहून अधिक माणसे गेली. या काळातला अग्रणी चित्रकार एकर्सबर्ग आणि त्याच्या शिष्यांच्या चित्रांतून मात्र स्वच्छ उन्हातले अंगण, खिडकीतून दिसणारी जहाजे आणि नीटनेटक्या खोल्या दिसतात. त्यांतली कारागिरी अप्रतिम आहे हे मान्य करूनच म्हणायला हवे की, मागच्या अंगणातली माणसे तिथे फारशी येत नाहीत.

विक्रेती आली तर कशी येते याचा नमुना आल्बर्ट क्यूख्लर याच्या १८२८ च्या चित्रात सापडतो. आमागेर बेटावरची मुलगी चित्रकाराच्या खोलीत फळे विकायला आली आहे, असा त्याचा विषय. आमागेर म्हणजे कोपनहेगनला लागून असलेले बेट. सोळाव्या शतकात राजाने तिथे हॉलंडमधले शेतकरी आणून वसवले होते आणि तेव्हापासून शहराची भाजी तिथूनच येई. तिथल्या बायकांचा वेगळा पोशाख शहराच्या बाजारात उठून दिसे. रस्त्यावरची विक्रेती जिना चढून चित्रकाराच्या खोलीत आली की ती रस्त्यावरची राहत नाही, तिचे ‘रूप’ होते. तिच्या टोपलीला भाव असतो, पण पाहणाऱ्याला त्या भावाशी काही देणेघेणे नसते. पुढे १८४४ मध्ये कलासमीक्षक होयेन यांनी चित्रकारांना खेड्यांत आणि कोळीवाड्यांत जाऊन राष्ट्रीय कला शोधण्याचे आवाहन केले. त्यातून युलियुस एक्स्नरसारखे चित्रकार पुन्हा आमागेरलाच गेले आणि त्यांनी आजोबांना भेटायला आलेली नातवंडे, सणाचे कपडे, उजळलेली घरे अशी लोकजीवनचित्रे रंगवली. ती लोकांना आवडली, आजही आवडतात. खेड्यातले मूल राष्ट्राचे प्रतीक झाले. शहरातल्या मुलाला असे काही होता आले नाही.

आणखी एक पळवाट होती, इटलीची. डॅनिश चित्रकार रोमला जात आणि तिथली उघडीवाघडी, उन्हाने तापलेली गरिबी मोकळेपणाने रंगवत. पेडर सेव्हरिन क्रोयरने १८८० मध्ये इटलीतल्या एका गावातल्या टोपीवाल्याचे चित्र काढले. अंधाऱ्या कोठीत उघड्या अंगाने घामेजून काम करणारा बाप आणि त्याच्यासोबत राबणारी मुले. चित्र थरारक आहे आणि त्यात दयेची याचना अजिबात नाही. ते मायदेशी दाखवले गेले तेव्हा कुरूप म्हणून त्याच्यावर टीका झाली. आज ते कोपनहेगनमध्ये हाइनरिख हिर्शस्प्रुंग याच्या संग्रहात आहे. क्रोयरच्या प्रवासखर्चाला हातभार लावणारा हा रसिक तंबाखूचा कारखानदार होता, आणि तंबाखूचा धंदा हा त्या काळी डेन्मार्कमध्ये मुलांना कामाला लावणाऱ्या धंद्यांपैकी एक होता. याचा रोख एका माणसाच्या चारित्र्यावर नाही. त्याच्यामुळे एक उत्तम संग्रह देशाला मिळाला. सांगायचे ते एवढेच की, राबणारे मूल इटालियन असले की ते कलेचा विषय ठरे आणि घरच्या कारखान्यातले मूल आकडेवारीत जाई.

अँडरसनने मात्र लुंडब्यूच्या चित्राशी एक चलाखी केली, आणि ती समजून घेतल्याशिवाय त्याच्या गोष्टीला ‘रडकी’ म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने गिऱ्हाईकच काढून टाकले. दिवसभरात कोणी तिच्याकडून काही घेतले नाही, कोणी एक स्किलिंग, म्हणजे तेव्हाचे चिल्लर नाणेही, दिला नाही. आईच्या मोठ्या सपाता पायात होत्या; गाड्या चुकवत रस्ता ओलांडताना एक हरवली आणि दुसरी एका पोराने पळवली. घरी जावे तर बाप मारील, आणि घरही थंडच. छपराच्या फटी गवताने आणि चिंध्यांनी बुजवलेल्या. ती दोन घरांच्या मधल्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसते आणि उबेसाठी विकायचा माल स्वतःच जाळू लागते, आणि रात्रीत गारठून मरते. ‘द्याल तेव्हा भले करा’ म्हणणाऱ्या चित्राला हे सणसणीत उत्तर आहे : कोणी दिलेच नाही. सकाळी लोक प्रेताभोवती जमतात आणि म्हणतात, बिचारीला ऊब हवी होती. हे म्हणणारी माणसे म्हणजे आपणच, आणि अँडरसन त्यांना उशिरा पोचलेले दाखवतो.

हा कडवटपणा त्याला उगाच सुचला नव्हता. त्याची आई धुणी धुणारी. लहानपणी तिला घरच्यांनी भीक मागायला बाहेर काढले होते आणि भीक मागणे जमेना म्हणून ती ओडेन्सच्या नदीवरच्या पुलाखाली दिवसभर रडत बसली होती, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. चित्रातल्या मुलीच्या डोळ्यांपुढे काय आहे हे त्याला ठाऊक होते. बाकीच्यांना फक्त तिचा चेहरा दिसत होता. तरीही त्याने गोष्टीच्या शेवटी मुलीला न्यायला तिची मेलेली आजी आणली, प्रकाश आणला, देवाघर आणले. वाचक रडतो आणि रडून मोकळा होतो. दोष कुणाचा, तर मारणाऱ्या बापाचा आणि निष्ठुर थंडीचा. शहराचा दोष जेमतेम सुचवला जातो. गोष्ट चित्रापेक्षा खोल गेली, हे खरे. पण तीही व्यवस्थेच्या दारापर्यंत जाऊन परतली.

आता त्या काडीकडे जरा जवळून पाहू. गोष्टीतली मुलगी काडी भिंतीवर घासते आणि ती पेटते. पेटीच्या कडेवरच घासावी लागणारी ‘सुरक्षित’ काडी स्वीडनमध्ये १८५० च्या दशकात बाजारात रुळली. कुठल्याही भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर पेटणारी काडी म्हणजे त्या काळी बहुधा पांढऱ्या फॉस्फरसची. या फॉस्फरसच्या वाफा कारखान्यातल्या कामगारांच्या किडक्या दातांतून जबड्यात शिरत आणि हाड कुजवत. चेहरा विद्रूप होई, अनेक जण मरत. व्हिएन्नातल्या लोरिन्सर नावाच्या डॉक्टराने या रोगाची नोंद प्रसिद्ध केली ते साल १८४५, म्हणजे गोष्टीचेच साल. एका शहरात एक लेखक काडीच्या उजेडात मुलीला स्वप्ने दाखवत होता आणि दुसऱ्या शहरात एक डॉक्टर त्याच काडीने कुजवलेले जबडे तपासत होता. काड्या विकणाऱ्या मुलीवर साऱ्या युरोपने अश्रू ढाळले. काड्या करणाऱ्यांचे चित्र कोणी दिनदर्शिकेत छापले नाही. लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यातल्या मुली १८८८ मध्ये संपावर गेल्या तेव्हा कुठे त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वळले, आणि त्यांची बाजू छापून आणणारी बाई म्हणजे पुढे होमरूल चळवळीमुळे आपल्याला ओळखीच्या झालेल्या ॲनी बेझंट.

डेन्मार्कने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १८७४ मध्ये बंदी घातली. फिनलंडने १८७२ मध्ये घातली होती, त्याखालोखाल डेन्मार्कच. ब्रिटनला हे जमायला विसावे शतक उजाडावे लागले आणि हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ मध्ये झाला. बंदीने काय केले ते पाहा. कारखानदाराला माल बदलावा लागला, कामगाराचा जबडा वाचला, आणि या सगळ्यात कोणाही वाटसरूला दयाळू व्हावे लागले नाही. दया वाईट असते असे मी म्हणत नाही. पण ती ज्याच्या मनात येईल त्याच्यावर आणि ज्या दिवशी येईल त्या दिवसावर अवलंबून असते. नियम रोज आणि सर्वांना सारखा लागतो.

मुलांच्या बाबतीतही तसेच झाले, पण अर्धवट. १८१४ च्या शाळा कायद्याने डेन्मार्कमध्ये सात वर्षांपासून ख्रिस्ती धर्मदीक्षेच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण चौदापर्यंत, शिक्षण सक्तीचे केले. युरोपात हे फार लवकर झाले आणि डॅनिश लोकांना त्याचा योग्य अभिमान आहे. परंतु गरिबांच्या शाळा पूर्ण दिवस चालत नसत आणि खेड्यांत मुले रोज जात नसत. उरलेला वेळ कामाचा, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. १८७३ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. त्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मनाई केली आणि दहा ते चौदाच्या मुलांचे काम दिवसाला साडेसहा तासांवर आणले. साडेसहा तास हा आकडाच बोलका आहे : अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस कारखाना अशी सांगड त्यात बसते. १९०१ मध्ये वयाची अट बारावर गेली, १९१३ मध्ये चौदावर. पण हे सारे कारखान्यापुरते. शेतावर राबणारे मूल, सकाळी घरोघर दूध टाकणारे मूल, रस्त्यावर काहीबाही विकणारे मूल यांच्यापर्यंत तो कायदा पोचलाच नाही.

का पोचला नाही, याचे एक कारण तपासणीच्या अडचणीत आहे. कारखान्याला दार असते आणि तपासनीस दारातून आत जाऊ शकतो. दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. रस्त्यावरचे मूल हे कामगार आहे, असे कोणाच्या नजरेलाच येत नव्हते. ते गरीब होते, गोड होते, थंडीने गारठलेले होते, आणि अशा मुलासाठी लागतो तो दाता, तपासनीस नव्हे. तीस वर्षे चित्रांनी आणि गोष्टींनी हीच नजर घडवली होती. दुसऱ्या बाजूला, सरकारी गरीबनिधीतून मदत घेणाऱ्या बापाला त्याची किंमत नागरिक म्हणून मोजावी लागे; १८४९ च्या संविधानाने तिशी ओलांडलेल्या बहुतेक पुरुषांना मत दिले, पण निधीची मदत घेऊन ती न फेडणाऱ्याला त्यातून वगळले. मग मत आणि अब्रू राखायची तर पोराच्या हातात काड्यांची जुडी देणे हा घरच्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा हिशेब ठरत असे. अँडरसनच्या गोष्टीतला मारकुटा बाप असा हिशेब करणाऱ्या जगात राहत होता. त्याला माफ करावे असे नव्हे, पण तो एकटाच दोषी असल्याचे चित्र रंगवणे सोयीचे होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चित्रे नसती, गोष्टी नसत्या, तर कायदे करायला तरी कोणाच्या मनात आले असते? करुणेशिवाय सुधारणा होत नाही, असा हा मुद्दा. तो मी अर्धा मान्य करतो, आणि राहिलेल्या अर्ध्यासाठी एका डॅनिश माणसाचेच उदाहरण देतो. जेकब रीस हा रीबे गावच्या शाळामास्तरचा मुलगा, १८४९ चा जन्म. गावात एक उंदरांनी भरलेली गलिच्छ इमारत होती. बालपणी नाताळात मिळालेले नाणे त्याने तिथल्या एका अतिगरीब कुटुंबाला दिले, पण अट घातली की घर आणि पोरे स्वच्छ करा. ही हकीकत त्यानेच लिहिली आहे. ‘द्याल तेव्हा भले करा’चा याहून चोख धडा मिळणे कठीण. हा मुलगा सुतारकाम शिकला, १८७० मध्ये अमेरिकेला गेला, स्वतः रस्त्यावर उपाशी झोपला, आणि मग न्यूयॉर्कमध्ये पोलीस ठाण्यांच्या बातम्या देणारा वार्ताहर झाला. मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट वापरून त्याने अंधाऱ्या चाळींची, तळघरांची, वर्तमानपत्रे विकून जिन्याखाली झोपणाऱ्या पोरांची छायाचित्रे काढली आणि १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक छापले.

रीसची छायाचित्रे निर्मळ नाहीत. झोपलेल्या पोरांची काही छायाचित्रे त्याने जुळवून आणलेली दिसतात. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांविषयी त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही. पण त्याने एक गोष्ट लुंडब्यूच्या आणि अँडरसनच्या पुढे नेली. त्याच्या चित्राला पत्ता होता. कोणती गल्ली, खोलीत किती माणसे, भाडे किती, त्या घरांत किती मुले मेली, हे तो छायाचित्राच्या शेजारी मांडत असे. म्हणून वाचकाचा हात नुसता खिशाकडे गेला नाही. मलबेरी बेंडची कुप्रसिद्ध वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये तिथे बाग झाली. करुणा तीच, पण तिला ज्याच्या हातात काही आहे अशा माणसाच्या दारापर्यंत नेणारी वाट रीसने आखून दिली. खुद्द डेन्मार्कमध्ये चित्रकार एरिक हेनिंगसेनने १८९२ मध्ये घराबाहेर काढलेल्या कुटुंबाचे चित्र रंगवले तेव्हा बर्फाळ रस्त्यावर टाकलेल्या सामानासोबत गणवेशातला पोलीसही चौकटीत घेतला. तो पोलीस आला आणि चित्राचा अर्थ फिरला. इथे आपण गिऱ्हाईक राहत नाही. कोणाच्या हुकमाने हे झाले, असे विचारणारे नागरिक होतो. चांगल्या आणि वाईट करुणचित्रातला फरक मला इथे दिसतो, आणि तो रंगकामाचा नाही.

हे सारे दीडशे वर्षांपूर्वीचे आहे, असे म्हणून सोडून देता आले असते, जर आपल्याकडच्या चौकांत आजही हीच चौकट रोज उभी राहत नसती. सव्वीस जानेवारीच्या आदल्या आठवड्यात सिग्नलला गाडी थांबते, काचेवर छोटे बोट वाजते, हातात कागदी झेंड्यांचा गठ्ठा. आतून कोणीतरी मोबाइल उचलतो, झेंडा घेताना स्वतःचे आणि पोराचे चित्रण करतो आणि मागे संगीत घालून ते पसरवतो. त्याचा हेतू बरा असतो हे गृहीत धरू. लुंडब्यूने निदान गिऱ्हाइकाला चौकटीबाहेर ठेवले होते. आता गिऱ्हाईकच नायक झाले आहे आणि मूल त्याच्या चांगुलपणाचे नेपथ्य. त्या मुलाचा चेहरा मात्र कायमचा लोकांच्या हाती जातो. रस्त्यावर राहणारे किंवा कायदा मोडून कामाला लावलेले मूल हे २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आहे, आणि अशा मुलाची ओळख उघड करण्यावर त्याच कायद्याने निर्बंध घातले आहेत. वृत्तपत्रे आता निदान डोळ्यांवर पट्टी ओढतात. हातात मोबाइल असलेल्या प्रत्येकाने तेवढे तरी करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि चित्रण करायचेच तर चेहऱ्याऐवजी चौक, वेळ, ठेकेदार, बंद पडलेली शाळा यांचे करावे.

आणि कायद्याचे काय? १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच धंद्यांत मनाई झाली, हे मोठे पाऊल होते. त्यात कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुटीत मदत करण्याची सवलत मात्र ठेवली गेली. २०१७ च्या नियमांनी ती बरीच आवळली : शाळेच्या वेळेत नको, संध्याकाळी सात ते सकाळी आठ नको, कुटुंबाला पैसे मिळवून देणाऱ्या विक्रीच्या साखळीत नको. कागदावर सिग्नलवरचे मूल यातून सुटत नाही. पण चौकात कोणी हटकले तर ‘आईसोबत आहे’ एवढे उत्तर पुरते आणि चौकशी तिथेच थांबते, कारण मूळ कायद्यातली सवलत सगळ्यांना माहीत असते आणि नियमांतली बारीक अक्षरे कोणाला माहीत नसतात. डेन्मार्कच्या १८७३ च्या कायद्यातून रस्ता निसटला, तसाच तो इथेही निसटतो, आणि कारणही तेच : ते मूल आपल्याला कामगार वाटत नाही.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये महापालिका आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून सिग्नल शाळा सुरू केली. मुले जिथे विकायला उभी राहत तिथेच वर्ग, आंघोळीची सोय आणि जेवण नेले. हा प्रयोग मला कोणत्याही करुणचित्रापेक्षा मोलाचा वाटतो, पण एक शाळा म्हणजे धोरण नव्हे. दुष्काळी गावांतून शहरात आलेल्या कुटुंबांची मुले कोणत्या चौकात आहेत, याची नोंद ठेवण्याची आणि त्यांना जवळच्या शाळेत जागा देण्याची जबाबदारी प्रत्येक महापालिकेवर नाव घालून टाकावी लागेल. ज्या घराची मिळकत त्यामुळे बुडेल त्याला शिधा आणि काम मिळण्याची सोय आधी करावी लागेल, नाहीतर मूल एका चौकातून उठून दुसऱ्या चौकात जाईल. आणि विक्रीबाबतची जी मनाई आज नियमांत आहे ती कायद्याच्या मजकुरातच आणावी लागेल, रस्त्यावरच्या विक्रीचा स्पष्ट उल्लेख करून.